अजून उभा आहे

हिल्डुरने डाव्या मुठीत फासा खुळखुळवला आणि टेबलावर सोडला. वीस बाजूंचा तो फासा गडगडत वॉफलच्या ताटलीला धडकला आणि थांबला. वर वीसचाच आकडा होता.

ती खुर्चीत ताठ बसली. पक्षाघातापासून तिचा उजवा हात मांडीवरच पडून असे. खेळातल्या तिच्या पात्राचा, धनुर्धारी इंगाचा, एकही बाण अजून मोक्याच्या वेळी लागला नव्हता. आज लागला होता, आणि तोही थेट राक्षसाच्या डोळ्यात.

"मोज की," खेळात भटजीचं पात्र घेतलेला आर्नफिन म्हणाला. "घाव दुप्पट. वर माझ्या भटजीबुवांचा आशीर्वाद आहेच."

हिल्डुरने बोटांवर बेरीज केली. "बत्तीस."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, गुन्वोरने राक्षसाच्या उरलेल्या प्राणांतून बत्तीस वजा केले. राक्षस मेला होता.

गुन्वोर या खेळाची सूत्रधार. डोंगर तिचे, वारा तिचा, शत्रूही तिचेच. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि तिने उभ्या केलेल्या संकटातून फाशाच्या भरवशावर वाट काढायची. शत्रू किती दणकट असावा हे तिने ठरवायचं, पण खेळ सुरू होण्याआधी. एकदा ठरलं की ते तिलाही बदलता येत नाही. हे कोणत्याही पुस्तकात छापलेलं नाही, पण एवढं मोडलं तर छापलेल्या नियमांना काही अर्थ उरत नाही. आज दुपारी सोसायटीच्या तळघरातल्या या खोलीत बसताना तिने स्वतःच सांगितलं होतं, की राक्षस अगदी पुस्तकात आहे तसा आहे, काही वाढवलेलं नाही.

पण मागच्या खेपेचं तिच्या मनातून जात नव्हतं. आर्नफिन आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेला. तिचा सागरसर्प त्याने दोन युक्त्यांत लोळवला आणि वर म्हणाला होता, "गुन्वोरबाई, तुमचा सर्प आमच्या कॉफीच्या आधी गार झाला." हिल्डुरही हसली होती. गुन्वोरही हसली होती, पण ते तिला लागलं होतं. आजच्या खेळातल्या पुलावरच्या या लढाईसाठी ती कितीतरी संध्याकाळी खपली होती. राक्षसाने शाप द्यायचा होता, पूल कोसळायचा होता, आणि इथे तर दुसऱ्याच फेरीत सगळं आटोपत होतं.

"अजून उभा आहे," ती म्हणाली.

आर्नफिनचा कप ओठांशी जाता जाता थांबला. त्याचे ओठ किंचित हलले, जसे पेपर तपासताना हलत असतील. मग त्याने आडोशाकडे पाहिलं आणि कप न पिताच खाली ठेवला. गुन्वोरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

एवढी एक फेरी, तिने मनाशी म्हटलं, मग पडू दे मेल्याला. आता इंगावर वार करायची पाळी राक्षसाची होती. जीवघेणा ठरू शकणारा वार सूत्रधाराने आडोशाबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकायचा, ही या टेबलाची रीत. तिने आपला निळा फासा बाहेर टाकला. एकोणीस.

इंगा मेली.

आता मागे फिरायला जागा नव्हती, फासा सगळ्यांसमोर पडला होता. गुन्वोरने नकाशावरच्या पुलावर उभी असलेली इंगाची बोटभर बाहुली हलकेच आडवी केली. ज्या फाशाने पात्र मरतं तो त्या खेळाडूला द्यायचा, ही दुसरी रीत. तिने निळा फासा हिल्डुरच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

हिल्डुरने तो अंगठ्याने फिरवून पाहिला. तिचे डोळे भरून आले होते.

"ओडवार घरी माझ्याशी पत्ते खेळतो ना, मुद्दाम हरतो," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "मुलगी फोनवर असं सावकाश बोलते, जशी काही मी तान्हीच आहे. व्यायाम घेणारी तर मी चमचा उचलला तरी टाळ्या वाजवते. एक तूच आहेस, वीस पडूनसुद्धा म्हणालीस, उभा आहे म्हणून."

"हिल्डुर, ऐक ना..."

"नको, समजूत नको घालूस. वाईट वाटतंय मला, पण बरंही वाटतंय. खरोखरची मेली गं ती."

गुन्वोरने आर्नफिनकडे पाहिलं. तो मान खाली घालून तपकिरी चीजचे पापुद्रे काढत बसला होता. त्याने एक शब्द उच्चारला असता तर सुटका झाली असती, पण ते त्याने तिच्यावर सोडलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कपबशा गोळा करायच्या निमित्ताने ती उठलीच.

वर ओडवारची गाडी आली. हिल्डुरने एका हाताने कोटाची बटणं लावली, नेहमीसारखा वेळ घेऊन. गुन्वोर तिच्यासोबत जिना चढली. वर पोचेपर्यंत सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं आणि वाक्यही जुळवलं होतं. दाराशी हिल्डुर वळली. फासा तिने पुन्हा मुठीत घेतला होता.

"पुढच्या रविवारी नवं पात्र घेऊन येते. आणि दया दाखवलीस तर बघ."

ओडवारने हात देऊ केला, तो तिने घेतला नाही. पाय जपून टाकत, मूठ उंच करून त्याला फासा दाखवत ती गाडीकडे गेली.

"नाही दाखवणार," गुन्वोर म्हणाली. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

ती खाली आली तेव्हा आर्नफिन मागच्या दाराने निघून गेला होता. कप धुऊन पालथे घातलेले होते. पुठ्ठ्याचा आडोसा मिटून कपाटाला टेकवून ठेवला होता. नकाशावर राक्षसाची बाहुली आडवी पडली होती, आणि तिच्या शेजारी इंगा धनुष्य घेऊन उभी होती.

बाहुल्या डब्यात भरायला गुन्वोरने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग ती हिल्डुरच्या खुर्चीत बसली. तिथून सगळा पूल दिसत होता.