बटईची दाढ

ऐन हुरड्यात श्रीमंतच्या दाढेनं दगा दिला. रान ज्वारीनं डवरलेलं, आणि हा रेणापूरचा गडी गाल धरून बांधावर. दाढ ठणकली की तो असा ओरडे, की शेजारच्या रानातली पाखरं फुकटात उडत. उजवीकडची ही एवढीच उरली होती. डावीकडं सगळं सपाट.

शेवटी लातूर गाठलं. डॉक्टर मुग्धाताईंनी रूट कॅनालचा आकडा सांगितला आणि श्रीमंतचा ठणकाच थांबला.

"एवढ्यात तर आख्ख्या गावाची बत्तिशी बसंल, बाई!"

"काका, तुम्ही पसरलाय त्या खुर्चीचा हप्ता आहे. जागेचं भाडं, हवेची मशीन, अवजारं वाफेवर उकळणं, माणसांचे पगार. पेशंट येवो न येवो, खर्च चालूच."

"म्हंजी दावणीचा बैल. जुंपा न जुंपा, वैरण खातोच."

"अगदी तसंच."

श्रीमंतचे डोळे चमकले. "मग बटईनं करा की! दाढ माझी, खर्च तुमचा. जे पिकंल ते निम्मं-निम्मं."

मुग्धाताई हसल्या. "आमचंही रान बटईनंच आहे, काका. नियम ठाऊक आहेत मला. आ करा."

दाढ झाली. घरी येऊन श्रीमंतनं बायकोला सांगितलं, "तारामती, एवढी शिकलेली बाई, पर लई भोळी!"

रविवारी आगटी पेटली. पहिली मूठ तोंडात टाकणार, तोच बांधावर मुग्धाताईंची जीप थांबली.

"काका, कुठल्या बाजूनं चावताय?"

"उज... उजव्या."

"म्हणजे आपल्या दाढेनं. निम्मा हुरडा इकडं."

जीपमधून माणसं उतरतच राहिली. "हे आमचे घरमालक. ह्या अवजारं उकळणाऱ्या केवळाबाई. हा मशीन दुरुस्त करणारा संगमेश. माझ्या निम्म्यात एवढी तोंडं आहेत, काका."

"या की, पावणे!" तारामतीनं पदराआड हसू दाबून पत्रावळ्या मांडल्या. "वाटा हाय तुमचा."

कणसं चोळून चोळून श्रीमंतचे तळवे सोलले. आगटीभोवती नुसता भुसा उडत राहिला आणि केवळाबाई अजून गूळ मागत होत्या. मूठभर हुरडा उरला, त्यावरही संगमेशची नजर गेली, तसा श्रीमंतनं खिशातून फोन काढला.

"बाई, तुमचा आकडा सांगा. सगळा. आत्ताच पाठवतो."

पैसे पोचले. मुग्धाताई म्हणाल्या, "आता दाढ पूर्ण तुमची."

शेवटची मूठ त्यानं डोळे मिटून, मालकाच्या थाटात चावली.

"कशी हाय चव?" तारामतीनं विचारलं.

"म्हाग," श्रीमंत म्हणाला, "पर गोड हाय."