न चिकटवलेलं शुद्धिपत्र

मी शुद्धिपत्राचा एक चिटोरा बोलतोय. माझ्यावर दोनच ओळी आहेत. अशुद्ध: नगरा वस्तीतल्या रेल्वे क्वार्टरांची विहीर ठेकेदाराने खणली. शुद्ध: ती अनुसूया, शारदा आणि आणखी तीन बायांनी खणली.

छापलंय हिंदीत. पण मला छापून घेणाऱ्याच्या घरी मराठी बोलतात, म्हणून मीही मराठीतच सांगतो.

त्याचं नाव मधुसूदन. रेल्वेत फिटर होता. शाळा चौथीपर्यंत, मान मात्र ताठ. अनुसूया त्याची आई. पाणी आटलं त्या साली तिने डोक्यावरून विहिरीची माती वाहिली, आणि पोरं याला 'मजदूरनी का लड़का' म्हणू लागली. ते तो विसरला नाही.

म्हातारपणी नीरजजी त्याच्याकडे माहिती घ्यायला आले. बुंदेलखंडावर संशोधन छापणाऱ्या एका पत्रिकेचे ते संपादक. विहीर कुणाची, असं त्यांनी विचारलं. ठेकेदाराची, असं याने सांगून टाकलं.

लेख आला. तळटीपेत मधुसूदनचं नाव होतं. अंक बगलेत घेऊन तो नगरा वस्तीभर फिरला. शारदामावशीकडेही गेला. पाच जणींपैकी ती एकटीच उरली होती. डोळे गेलेले. तिने त्याच्याकडून लेख वाचून घेतला आणि उजव्या हाताचं अर्धं बोट पुढे केलं. बाकीचं विहीर खणताना पहारीखाली गेलं होतं.

"मधू, हे बोट ठेकेदाराचं होतं का रे?"

दुसऱ्याच दिवशी तो बड्या बाजारातल्या छापखान्यात गेला. अंकाच्या जितक्या प्रती, तितके आम्ही निघालो, प्रत्येकीत एक चिकटवायला. नीरजजींनी गठ्ठा ठेवून घेतला, चहा पाजला. पुढच्या अंकात घालू म्हणाले. सहा वर्षं तेच म्हणाले. आमच्यातले काही खिडकीच्या फटीत गेले, काही चहाच्या ग्लासाखाली. मी ग्लासाखालचा.

शेवटी ते खरं बोलले. "दादाजी, इकतीस शोधपत्रों में इस लेख का हवाला है. पत्रिका का नाम इसी से है."

"लिख दीजिए, मैंने झूठ कहा था."

"वो तो आप कह रहे हैं. छपा तो कुछ और है."

एकतीस विद्वान. एकही विहिरीपर्यंत आला नाही. एकाने दुसऱ्याचं वाचलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. त्यांना मी दोष देतो, पण सुरुवात मधुसूदनने केली, हे तोही जाणतो.

त्याने मला ग्लासाखालून ओढलं आणि थेट शारदामावशीकडे नेलं.

"अंकात लागलं?" तिने विचारलं.

"लागलं, मावशी. हा एक तुझ्यासाठी."

"अनुसूयेचं नाव कुठंय?"

त्याने तिचं अर्धं बोट धरून माझ्या दुसऱ्या ओळीवर ठेवलं. तिने माझ्यावर मूठ मिटली.

तो दुसऱ्यांदा खोटं बोलला. या वेळी मान खाली होती. तिला ती दिसली नाही.

आता मी तिच्या उशाखाली असतो. माझ्या पाठीला अजून डिंक लागलेला नाही. तुमच्याकडे तो अंक असेल, तर पान त्रेचाळीस उघडा. मी नसलो तरी चालेल, पेनाने लिहा. ती आहे तोवर लिहा.