माझं नाक किती वर करावं?

मी इरावतीची पिकअप बोलतेय. पांढरा रंग, पुढं माणसांसाठी चार दारं, मागं सामानासाठी उघडा हौदा. कारखान्यातून निघाले तेव्हापासून माझं नाक शेपटीपेक्षा जरा खालीच. रायपूरच्या सदर बाजारात उभी असले की येणारे-जाणारे हटकून विचारायचे, "आगे से बैठ गई है क्या?" मला स्वतःलाच कोडं पडायचं. असं वाकवून का घडवलं असेल मला?

इरावती मधमाश्या पाळते. जिथं फुलोरा असेल तिथं पेट्या न्यायच्या, हे तिचं काम. हिवाळ्यात मोहरी, मोहरी सरली की करंज. उजाडायच्या सुमाराला, माश्या घरात असतानाच, पेट्यांच्या दारांना जाळी लावायची, पेट्या हौद्यात रचून बांधायच्या आणि ऊन तापायच्या आत पोचायचं. पाठीवर हजारो जीव गुणगुणत असले की मला रस्ता वेगळाच भासतो. प्रत्येक खड्डा टोचतो.

गेल्या जानेवारीत आम्ही महासमुंदच्या पलीकडे निघालो होतो. वाटेत एक कोरडा नाला लागतो. उतार संपून एकदम चढ सुरू होतो तिथं माझी हनुवटी, म्हणजे पुढचा बंपर, खाडकन जमिनीवर आपटली. इरावतीनं ब्रेक दाबला. मागचा दोर सुटला, एक पेटी घसरून खाली पडली आणि फुटली.

थंडी कडक होती. माश्या दंवानं भिजलेल्या गवतावर पसरल्या आणि बघता बघता आखडून गेल्या. राणीमाशी फळीखाली चिरडली होती. इरावती गवतातच बसली. एकेक माशी तळहातावर घेऊन तोंडाची ऊब देत राहिली. काही उडाल्या. बहुतेक उडाल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी दिवस तिनं माझ्या पुढच्या भागाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पण उरलेल्या पेट्या नाल्याअलीकडच्या ज्या मोहरीत उतरवल्या होत्या ती संपत आली होती, आणि करंजाची झाडं त्याच नाल्यापलीकडे होती. नेलं नाही तर उरलेल्या पेट्यांची उपासमार ठरलेली.

भार्गव, तिचा धाकटा भाऊ, नवा रायपूरला नोकरी करतो. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून.

"दीदी, लेव्हलिंग किट लगवा दे. नाक ऊपर आ जाएगी. और टायर बड़े वाले. शेरनी दिखेगी गाडी!"

शेरनी! मला गुदगुल्याच झाल्या.

तिचे बाबा श्यामकांत ओसरीवरून म्हणाले, "काहून उचलून राहिले रे? कंपनीनं नाक खाली ठेवलं ते काय उगाच?" त्यांचा जन्म रेल्वेत गेला, रुळांची पातळी बघण्यात.

"मग काहून ठेवलं असंल, बाबा?" इरावतीनं विचारलं.

बाबा हसले. "मले नाही माहीत, बेटा. पाहून घेऊ."

रविवारी अंगणात माझी परीक्षा झाली. रिकाम्या पेट्यांत विटा भरून हौद्यात चढवल्या. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली नळी घेऊन बाबा पुढच्या चाकाशी उभे राहिले, भार्गव मागच्या. जसजसं ओझं चढलं तसतशी माझी पाठ बसत गेली, आणि नळीतलं पाणी सांगू लागलं की मी सपाट होतेय.

अच्छा! म्हणजे माझ्यात खोट नव्हती. मला ओझं धरूनच घडवलं होतं.

"म्हटलं नव्हतं का मी!" बाबा खूश.

"पण बाबा, भरलेली असूनच तर आपटली ना ती?"

बाबा नळी गुंडाळून म्हणाले, "चल, मी पण येतो गॅरेजले."

गुढियारीच्या गॅरेजात मेकॅनिक चिरागभाईंनी नाक उचलायला पुढच्या स्प्रिंगवर बसवायच्या दोन चकत्या समोर ठेवल्या, एक जाड, एक पातळ. भार्गवचा हात जाड चकतीकडे गेला.

"भरल्यावर हिचे दिवे कुठं बघतील?" इरावतीनं विचारलं.

"आसमान में, मैडम," चिरागभाई हसले. "या सामने वाले की आँख में."

पातळ चकती ठरली. राहिले टायर. मोठ्या दातांचे, चिखलातले टायर लावलेली एक पिकअप तिथं उभी होती. इरावती म्हणाली, "भार्गव, तू चालव." आणि ती स्वतः त्या पिकअपच्या हौद्यात चढून तळहात पत्र्यावर टेकवून बसली. मला हेवा वाटला. परत आली तेव्हा हात झटकत होती.

"थरथरीनं मुंग्या आल्या हाताला. माश्यांचं काय होईल?"

मग गुळगुळीत रस्त्याचे आणि चिखलाचे यांच्या मधले टायर निवडले, मापाला माझ्या जुन्यांपेक्षा जेमतेम मोठे. चिरागभाईंनी स्टिअरिंग दोन्हीकडे पार वळवून टायर कुठं घासत नाही ना ते बघितलं, चाकांची दिशा जुळवली, दिव्यांची नजर खाली आणली.

भार्गव मला चारी बाजूंनी न्याहाळत होता. "हव, ठीक है," तो म्हणाला. "शेरनी तो नहीं लगती."

नाही दिसत तर नाही. टायरांमुळे माझी चाल जराशी कडक झालीय, हेही सांगून टाकते.

करंज फुलला त्या आठवड्यात आम्ही निघालो. पुढं इरावती आणि बाबा, मागच्या सीटवर भार्गव. नाल्याशी भार्गव उतरला आणि उलट चालत, हातानं खुणा करत मला खाली घेऊ लागला. इरावतीनं मला तिरकी घातली. बाबांनी दाराची मूठ गच्च धरली होती. हनुवटीला वाळलं गवत लागलं. जमीन लागली नाही. मागं एकही दोर ताणला नाही.

वर आल्यावर भार्गव पुन्हा मागं बसला. मग बाबा एकदम म्हणाले, "माझी पोट्टी चालवते मस्त!"

झाडांखाली पेट्या उतरवल्यावर इरावतीनं मला दूर नेऊन उभं केलं. माश्या बाहेर पडताना घराजवळच्या खुणा लक्षात ठेवतात म्हणे. मला खूण धरून बसल्या आणि मी निघून गेले तर बिचाऱ्या चुकतील. म्हणून जाळ्या निघाल्या ते मी लांबूनच बघितलं. पेट्यांसमोर आधी दोन-चार ठिपके फिरले, मग सगळी हवाच हलू लागली.

आता करंजाचा बहर ओसरत आलाय. लवकरच पेट्या घेऊन परतायचं आहे. महासमुंदच्या रस्त्यावर सकाळी एखादी पांढरी पिकअप तुमच्या पुढं फार हळू चालताना दिसली तर हॉर्न वाजवू नका. जरा मागंच राहा. माझ्या पाठीवर घरं आहेत, आणि आत सगळे आहेत.