पाव फेरा

गाणं हल्ली आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. ते आकडे एका बाजूने आत घ्यायचे आणि दुसऱ्या बाजूने त्यांचं पुन्हा गाणं करून बाहेर सोडायचं, एवढंच काम करणारा डबा हा कारखाना बनवत असे. बाजारात असा बऱ्यापैकी डबा बुटांच्या जोडीच्या किमतीत मिळतो. इथला डबा मोटारीच्या किमतीत मिळायचा, आणि म्हणूनच विकला जायचा.

या डब्याच्या आतलं सगळं ज्याच्या डोक्यातून निघायचं, त्या इंजिनिअरला कारखान्यात दशांश म्हणत. किती वाजले विचारलं तर हा माणूस सेकंदांसकट सांगायचा आणि वर घड्याळ किती मागे आहे तेही सांगायचा. एकतीस वर्षांत त्याने नऊ तऱ्हेचे डबे आखले होते आणि नऊच्या नऊ मालकांनी बिघडवले होते. एकाला संगमरवराची बैठक दिली, तर तो इतका जड झाला की गिऱ्हाइकाचं कपाटच खचलं. एकाचं बटण मागे नेलं, कारण पुढून तो ‘ध्यानस्थ’ दिसायला हवा होता. लोक डबा सुरू करायला डबा आणि भिंतीमधल्या फटीत हात घालून चाचपडत बसायचे.

दहावा डबा शेवटचा. त्यानंतर दशांश घरी बसणार होता. एक तरी डबा आपल्या हातून निर्दोष बाहेर पडावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती. ती त्याने बायकोला सांगितली.

“मग मालकांना सांगा ना,” बायको म्हणाली. “मी काय बिघडवलंय तुमच्या डब्याचं?”

मालकांना सांगायची त्याची हिंमत नव्हती. तीन वर्षं खपून त्याने डबा तयार केला, मोजयंत्राला जोडला, आणि पडद्यावरची रेघ पाण्यासारखी सपाट आलेली पाहून खुर्चीत बसून राहिला. त्याच आठवड्यात मालक आले आणि म्हणाले, “दशांश, सगळं झकास आहे. फक्त पुढे एक निळा पडदा हवा. गाण्याचं नाव दिसलं पाहिजे.”

“ज्याने गाणं लावलं त्याला नाव माहीत असेलच की.”

“शेजाऱ्याला कुठे माहीत असतं?”

पडदा बसला. पडद्याला वेगळी वीज लागते म्हणून आत तारेचं एक बोटभर वेटोळं बसलं. दशांशने डबा पुन्हा मोजला, तेव्हा त्या सपाट रेघेत सेकंदाला तेरा हजार कंपनांच्या आकड्यापाशी एक बारीक सुई उभी राहिलेली दिसली. त्याने डब्याला कान लावला. काही ऐकू आलं नाही. छतावरच्या दिव्याची गडबड असणार, असं त्याने ठरवून टाकलं. साठी उलटली की एवढे उंच आवाज कानाला कळत नाहीत, हे त्याने स्वतः तीन वेळा वाचलं होतं. पण ते इतरांविषयी लिहिलंय अशी त्याची समजूत होती. तो बासष्टचा होता.

डबा बाजारात जाण्याआधी कानसेनांनी ऐकायचा, अशी कारखान्याची रीत होती. कानसेन एका मासिकात लिहीत. त्यांनी मान हलवली की डबे खपत, नाही हलवली की गोदामात पडून राहत. ऐकायच्या खोलीत जाड गालिचा होता, जाड पडदे होते आणि बरोबर मधोमध एकच आरामखुर्ची होती. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. दुपारी तीनला कानसेन आले, बूट काढले, मोजे काढले (त्यांच्या मते पायांनाही ऐकू येतं), डोळे मिटले आणि हाताने खूण केली. व्हायोलिनचा तो धिप्पाड, खर्जातला भाऊ, चेलो, वाजू लागला.

चार मिनिटं कोणी श्वास घेतला नाही. मग कानसेन हलकेच म्हणाले, “शांतता! दोन सुरांच्या मधली शांतता बघा. काळीभोर. मखमलीसारखी. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही.”

मालकांचा चेहरा उजळला. तेवढ्यात दार उघडून मालकांची सून आत आली. कारखान्याचा पत्रव्यवहार आणि माल रवाना करणं तीच बघायची. तिच्या हातात सहीचे कागद होते.

“बाबा, इथे एक सही... ई! ही शिट्टी कसली वाजतेय?”

“कसली शिट्टी?”

“ही काय! टीऽऽऽ. कानात टाचणी घातल्यासारखी.” ती वास काढत जावं तशी डब्यापर्यंत गेली. “यातूनच येतेय. तुम्हाला कुणालाच ऐकू येत नाही?”

तिघं एकमेकांकडे पाहू लागले. कानसेन पासष्टचे, मालक सदुसष्टचे, दशांश बासष्टचा. खोलीत एकशे चौऱ्याण्णव वर्षं उभी होती आणि त्यातल्या एकाही वर्षाला शिट्टी ऐकू येत नव्हती.

“मुली,” कानसेन समजुतीने म्हणाले, “शांतता ऐकायची सवय नसली की कान असे वाजतात.”

दशांशला मोजयंत्रावरची रेघ आठवली. सुई! दिव्याची नव्हतीच ती. कानसेन गेल्यावर तो चाचरत म्हणाला, “मालक, दोष आहे. पडद्याच्या वेटोळ्यातून येतोय. मला दोन आठवडे द्या.”

“कशाला? ऐकलं कुणी? हिने एकटीने. अहो, आपल्या गिऱ्हाइकांत पंचावन्नच्या आतला एक तरी माणूस दाखवा.”

“बरोबर आहे बाबांचं,” सूनबाई म्हणाली. “ज्याला परवडतं त्याला ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येतं त्याला परवडत नाही. धंदा उत्तम आहे. गिऱ्हाइकाची नातवंडं मात्र आजोबांच्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत.”

नातवंडांचं नाव निघालं म्हणून असेल, मालकांनी दोन आठवडे दिले. दशांशने जुनं वेटोळं काढून खणात टाकलं, नव्या वेटोळ्याच्या कंपनांची गती इतकी वर नेली की कुत्र्यालाही ऐकू येऊ नये, आणि ते लाखेत बुडवून पक्कं केलं. रेघ पुन्हा सपाट झाली. आता त्याचा स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून त्याने सूनबाईला बोलावलं.

तिने डब्याला कान लावला. “काही नाही, काका. मेल्यासारखा गप्प आहे.”

त्या क्षणी दशांशला जे वाटलं ते त्याला एकतीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि उगाच मोजयंत्राचा पडदा पुसला.

कानसेन दुसऱ्यांदा आले. बूट, मोजे, डोळे, चेलो. या वेळी त्यांनी सात मिनिटं घेतली, आणि नंतर कपाळ चोळलं.

“काय केलंत याला? स्वच्छ आहे, पण प्राण गेलाय. त्या दिवशी सुरांवर एक झळाळी होती, हवा होती. आज नुसता आवाज आहे.”

मालकांनी दशांशकडे असं पाहिलं, जणू त्याने वाढदिवसाच्या केकवर पाय दिला होता. कानसेनांना मोटारीपर्यंत पोचवून ते परत आले ते तावातावानेच. “चार दिवसांत होता तसा करा. शिट्टी तर शिट्टी. प्राण हवा मला.”

“मालक, त्यांना शिट्टी ऐकू आलीच नव्हती, तर ती गेल्याचं कळेल कसं?”

“ते मला विचारू नका. मी कानसेन नाही.”

दशांशने जुनं वेटोळं खणातून काढलं. नोकरी इमानाने केलेला माणूस होता. सांगितलं तसं करायचं, अशी हाताला सवय होती. त्याने डब्याचं झाकण उघडलं, वेटोळं आत धरून पाहिलं, आणि पुन्हा खणात टाकलं. चार दिवस तो टेबलाशी बसून पेन्सिलींना टोकं काढत राहिला. डब्याला त्याने बोट लावलं नाही.

तिसरी बैठक. कानसेन डोळे मिटून बसले आणि दुसऱ्याच मिनिटाला खुर्चीच्या हातावर थाप मारून ओरडले, “आला! परत आला! झळाळी, हवा, सगळं जागच्या जागी! काय केलंत हो?”

मालक वळले. सूनबाईही दारात उभी होती. तिघांच्या नजरा दशांशवर खिळल्या. काहीच केलं नाही म्हणावं, तर कानसेनांची अब्रू जाणार आणि डबा गोदामात. शिट्टी परत घातली म्हणावं, तर मालक उद्यापासून पहिल्या खेपेच्या बाराही डब्यांत शिट्टी घालायला लावणार. त्याची नजर सैरभैर फिरत डब्याच्या झाकणावर गेली. कोपऱ्यात चार स्क्रू होते.

“स्क्रू,” तो म्हणाला.

“स्क्रू?”

“झाकणाचे. फार आवळले गेले होते. मी ते... पाव फेरा सैल केले.”

आयुष्यात तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता, आणि तेसुद्धा त्याने मापासकट सांगितलं.

“पाव फेरा!” कानसेन उठून उभे राहिले. “मला वाटलंच होतं. श्वास कोंडला होता त्याचा!”

त्यानंतर गोष्ट दशांशच्या हातात राहिली नाही. मालकांनी पाव फेऱ्यावर चार पानांची पुस्तिका छापून घेतली. शिसवी मुठीचा खास स्क्रूड्रायव्हर बनवून घेतला. पहिल्या खेपेचे बाराही डबे त्यांनी स्वतः, एकेक स्क्रू मोजून, पाव फेरा सैल केले. बारावा डबा कानसेनांना भेट म्हणून जायचा होता. रवानगीच्या सकाळी ते आपणहून ऐकायला आले, आणि सैल केलेल्या डब्यांपैकी एक पहिल्यांदाच मांडणीवर चढला.

चेलो खालच्या सुरावर उतरला आणि डब्याचं झाकण थरथरलं. खर्रर्र. पुन्हा खालचा सूर, पुन्हा खर्रर्र. हा आवाज उंच नव्हता, बारीक नव्हता. बासष्टाव्या वर्षीही तो दशांशला लख्ख ऐकू आला.

“अहाहा!” कानसेन म्हणाले. “ऐकलंत? चेलोचं लाकूड. लाकडाचा पोत ऐकू येतोय!”

सूनबाईने दशांशकडे पाहून भुवई उंचावली. तो खाली बघत गालिच्यावरचे ठिपके मोजू लागला. एका दोषापासून वाचवलेल्या डब्यात दुसरा दोष त्याने आपल्या तोंडाने घातला होता.

कानसेन आत कॉफी घेत असताना दशांशने मालकांना कोपऱ्यात गाठलं. “मालक, मी खोटं बोललो. स्क्रू मी सैल केलेच नव्हते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीला डबा एकच होता, जसाच्या तसा. आता झाकण वाजतंय, ते लाकूड नाही.”

मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच माया होती. “दशांश, कानसेन मला म्हणालेच होते. एवढी वर्षं यंत्रांकडे बघून तुमचे कान गेलेत. वाईट वाटून घेऊ नका. गाडी बाराला येतेय. जरा आराम करा.”

दशांश आरामाला गेला नाही. तो तडक माल बांधायच्या खोलीत गेला. बारा डबे उघड्या खोक्यांत रांगेने ठेवलेले होते, आणि सूनबाई पत्ते चिकटवत होती.

“काका, सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं. म्हणाले, माझे कान गेलेत.”

“गेलेतच. पण त्यांचं डोकं गेलंय, त्याचं काय?”

“त्यांचं जाऊ दे. तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे?”

“शिसवी मुठीचा बाबांच्या खिशात आहे.”

“साधा?”

तिने खणातून लाल प्लास्टिकच्या मुठीचा काढून दिला. दशांशने पहिला डबा पुढे ओढला. चार स्क्रू, पाव पाव फेरा, घट्ट. बोटाने झाकण वाजवून पाहिलं. गप्प. दुसरा, तिसरा. तो घट्ट करायचा आणि ती खोकं बंद करून चिकटपट्टी मारायची. बाहेर गाडी मागे घेताना तिचा भोंगा वाजू लागला होता.

अकराव्या डब्याचा शेवटचा स्क्रू फिरत असताना मालक दारात आले.

“हे काय चाललंय?”

आता दशांशला खोटं बोलायचा थोडा सराव झाला होता. “प्रत्येक स्क्रू बरोबर पाव फेरा आहे की नाही ते तपासतोय. हाताने केलं की जरा कमीजास्त होतं.”

मालक गहिवरले. “बघ,” ते सुनेला म्हणाले, “याला म्हणतात निष्ठा.” आणि कॉफी निवतेय म्हणून परत गेले.

सूनबाईने अकरावं खोकं बंद केलं. दशांश थोडा वेळ त्या अकरा खोक्यांकडे बघत उभा राहिला. त्यांत काय आहे हे कोणाला कळणार नव्हतं. घेणाऱ्यांना तर नक्कीच नाही.

“हा शेवटचा,” ती म्हणाली आणि बारावा डबा पुढे सरकवला. खोक्यावर कानसेनांचा पत्ता होता. “आवळा पटकन, गाडीवाला हाका मारतोय.”

दशांशने स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूवर टेकवला, आणि क्षणभर थांबला.

“त्यांना लाकूड आवडलंय,” तो म्हणाला, आणि चारही स्क्रू आणखी पाव पाव फेरा सैल केले.