कुठल्याच विभागाची नसलेली खुर्ची

"विषय चांगलाच आहे हो, पण आमच्याकडे नको," अर्थशास्त्राचे सर म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट उचललं. मी कॉलेजच्या सभेत चहा देत होते. इतिहासाच्या सरांनी जीवशास्त्राकडे बोट दाखवलं, जीवशास्त्राच्या मॅडमनी समाजशास्त्राकडे. स्त्री-पुरुषांच्या प्रश्नांचा तो अभ्यासक्रम सगळ्याच शाखांच्या मुलांसाठी होता, म्हणून कुठल्याच विभागाचा नव्हता. कुणी पदरात घेतला नाही तर तो बंद होणार होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर दहा घरचा!

तो शिकवणाऱ्या मॅडम टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. चहाला हात लावला नव्हता. आम्ही शिपाई मंडळी त्यांना फिरत्या मॅडम म्हणायचो. वर्गाला खोली नाही. आज प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये, उद्या भूगोलाच्या नकाशांखाली. मुलं आपापल्या विभागातून खुर्च्या उचलून आणायची. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात विभागाचं नाव. मी दारात उभी राहून ऐकायचे.

"मावशी, आत येऊन बसा की."

"नको हो मॅडम, आम्ही आपलं उभ्याउभ्या."

उभी हयात त्या इमारतीत गेली, पण कुणासमोर खुर्चीत बसले नव्हते.

एकदा रसायनशास्त्राची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शेवटी बाईच बाईची वैरीण असते."

"अगदी खरं बोललीस गं बाई!" मी दारातूनच ओरडले. सगळे हसले.

मॅडम वळल्या. "तुमची वैरीण कोण, मावशी?"

"सासू! दुसरं कोण असणार?"

"आणि त्यांना कुणाची भीती वाटायची?"

असा राग आला मला! मी आपलं दुखणं सांगतेय आणि ही बया सासूची वकिली करतेय. पण घरी म्हातारीचे केस विंचरताना तोंडून निघूनच गेलं, "आई, तुम्ही कुणाला भ्यायचात हो?"

ती म्हणाली, "मीठ कमी पडलं की तुझा सासरा ताट भिरकवायचा. तू आलीस नि मी तुझं नाव पुढे करायला लागले. तेवढंच माझ्यावरचं टळायचं."

माझा हात थांबला. दोघी एकाच माणसाला भीत होतो आणि जन्मभर भांडलो मात्र एकमेकींशी. मला रडू आलं. तिलाही आलं असावं, तिची पाठ माझ्याकडे होती.

सभेत हे सांगावंसं फार वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. पण हातात ट्रे होता आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. प्राचार्यांनी फाईल मिटली. विषय बंद.

शेवटच्या तासानंतर मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. मी पाठीवरची नावं वाचत खुर्च्या ज्याच्या त्याच्या विभागात पोचवल्या. एक उरली, मॅडमची. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती जिन्याखाली माझ्या झाडूशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य तिथून जाताना थबकले.

"मावशी, ही खुर्ची कुठल्या विभागाची?"

"फिरत्या मॅडमच्या विषयाची आहे, सर," मी सांगितलं. बसल्या बसल्याच.