साखरेच्या पेल्यावरचे घाव

मी एक जुना पितळी पेला आहे. माझ्या पोटावर हातोडीचे सात घाव आहेत. मित्रांनो, ते कामात पडलेले नाहीत. मी खोटा आहे असे ठरवून मला ठोकले गेले आणि ठोकणारा माणूस माझा सगळ्यात लाडका होता.

तो जॅम करायचा. घरामागच्या लांबट खोलीत त्याची भट्टी होती. मला त्याच्या वडिलांनी खास साखर मोजायला घडवून घेतले होते. फळांच्या एका कढईला दहा पेले साखर, तीही सपाट. तो मला भरायचा, बोटाने काठ पुसायचा आणि म्हणायचा, "मापात पाप नको." केवढी ऐट होती तेव्हा माझी! गिऱ्हाईक बरणी उघडून म्हणायचे, याच्या हाताला चव आहे. चव हाताला नव्हती, मित्रांनो. ती माझ्या सपाट काठाला होती. पण पेल्याचे कौतुक कोण करतो?

मग तो घटाघटा पाणी पिऊ लागला. तांब्यामागून तांब्या. अंगावरचा सदरा सैल झाला. आणि एके दिवशी जॅम चाखून गड्याला म्हणाला, "सपक आहे. आणखी दोन टाक."

दहाचे बारा झाले. पुढे काठ पुसणे बंद झाले, मी शिगोशीग भरला जाऊ लागलो.

लेकीने बशीतला जॅम चाखला आणि तोंड वाकडे केले. "बाबा, घसा धरतोय. फार गोड झालंय."

"काल चुलीपाशी आलीस, आज मला शिकवतेस?"

कढई ढवळणाऱ्या गड्याला सगळे होयबा म्हणत. मालकाने त्याला विचारले, "काय रे, गोड आहे का फार?"

"छे हो! तुमच्या जिभेपुढे आम्ही कोण?"

या होयबाचा मला आजही संताप येतो. मालकाची पाठ वळली की तो रोज पुटपुटायचा की जॅम तोंडात धरवत नाही. मीठ खाल्लेल्या घराला खरे सांगायला याची जीभ का उचलली नाही? आणि मी तरी काय केले? मुका राहिलो. पेल्याला तोंड असते, पण ते भरण्यापुरते.

दुकानांतून बरण्या परत आल्या. आत साखरेचे खडे धरले होते. लेकीने एक बरणी त्याच्यासमोर आपटली. "बघा तरी! आणि एकदा डॉक्टरकडे चला, किती वाळलात!"

तो भडकला. पण जीभ चुकतेय हे मान्य करील तो कसला कारागीर! त्याने साखरेला शिव्या घातल्या, फळांना घातल्या आणि शेवटी मला उचलले. "ह्याचंच पोट आत गेलंय. साखर कमी मावते!" हातोडी घेतली आणि आतून ठोकून मला फुगवले. सात घाव. तरीही जॅम त्याला सपकच लागला. मग त्याने मला टेबलाखाली भिरकावले आणि अंदाजाने साखर ओतायला लागला.

खालून मला फक्त पाय दिसत. एका दुपारी कढईतून उकळत्या जॅमचा गोळा उडाला आणि त्याच्या पायावर पडला. तुम्ही असता तर किंचाळला असता. तो हललासुद्धा नाही. वर काहीतरी गुणगुणत राहिला. खाली कातडी सोलली गेली, काही दिवसांनी पायाचे बोट काळे पडले. पाहणारा मी एकटा.

शेवटी लेकच खाली वाकली. मोजून एक कढई करून दाखवायची, असे ठरवून ती मला शोधत होती. हात माझ्यावर पडला आणि डोळे त्या बोटावर.

"बाबा! हे काय? दुखत नाही तुम्हाला?"

"काय दुखायचंय?"

डॉक्टरांनी काय सांगितले ते मी नंतर तिच्या तोंडून ऐकले. रक्तातली साखर कित्येक वर्षे बेसुमार वाढलेली. त्यामुळे पायाची जाण गेली, आणि जिभेला गोडाची खबरही कमी लागू लागली. सगळ्यांचे असे होत नाही. याचे झाले. साखर आत वाढत गेली आणि हा बाहेर आणखी ओतत राहिला. वेळेत आला असता तर पाय वाचला असता, म्हणाले.

अर्धे पाऊल कापावे लागले.

आता तो भट्टीशेजारी खुर्चीत बसतो. माझे पोट फुगलेले, त्यामुळे दहाचा हिशोब जुळेना. लेकीने खिळ्याने माझ्या आत एक रेघ ओढली. साखर तिथपर्यंतच. पहिल्या कढईचा जॅम तिने त्याच्यापुढे धरला. त्याने चमच्याचे टोक जिभेला लावले आणि चमचा तिच्या हातात दिला.

"मला कळत नाही गं. तू सांग, कसा झालाय?"

इतक्या वर्षांत त्याने तिला हे पहिल्यांदा विचारले. ती "छान झालाय" म्हणाली आणि पाठ फिरवून तिने डोळे पुसले. त्याने मला मांडीवर घेतले. अंगठा माझ्या एकेका घावावरून फिरवला. मला त्याचा राग होता, मित्रांनो. तेव्हा तो टिकला नाही.

एवढेच मागतो. घरात कोणी म्हणाले, "फार गोड झालंय," तर हातोडी उचलू नका. आधी रक्त तपासा. पेला ठोकून सरळ करता येतो. पाय नाही.