नवशीची साक्ष

"‘ती’ नाही बाई, ‘मी’ म्हणा," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदार बोलेल तेच बोला. पदरचं घालू नका, काही गाळू नका."

जयश्रीने मान हलवली. ती झरीच्या शाळेत शिक्षिका होती. साक्षीदार नवशीला वारली बोलीखेरीज काही धड बोलता येत नव्हतं, म्हणून कोर्टाला दुभाषी लागला आणि कुणीतरी जयश्रीचं नाव सुचवलं. बोली तिच्या आईची. रेल्वेतल्या माणसाशी लग्न करून डहाणूला आल्यापासून मात्र ती जयश्रीच्या तोंडात फारशी उरली नव्हती. नवशीला तर तिने आज सकाळीच पहिल्यांदा पाहिलं.

कोर्टाची दारं बंद होती. लहान मुलीवरचा अत्याचार आणि खून; असली साक्ष चारचौघांत घेत नाहीत. आरोपी मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मधे बसला होता. नवशीच्याच पाड्यावरचा. दिवसभर चारोटीला होतो, मुलीला पाहिलंच नाही, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. मुलगी हरवली त्या संध्याकाळी बॅटरी घेऊन शोधायलाही तो सगळ्यांच्या पुढे होता.

"माझी मुलगी सात वर्षांची होती," नवशीचं बोलणं जयश्रीने मराठीत म्हटलं, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला. "आम्ही दोघी ओहोळावर गेलो होतो. मी कपडे धूत राहिले. ती म्हणाली, आई, मी पुढे जाते. घर समोर दिसत होतं. ती घरी पोचली नाही."

आरोपीचे वकील उठले. "विचारा तिला. शेताच्या बांधावरून आरोपीशी भांडण होतं, म्हणून मेलेल्या पोरीच्या नावाने सूड घेतेस ना?"

जयश्रीला ते जिभेवर आणवेना. पण गाळायचं नव्हतं. तिने विचारलं.

नवशी तिच्याकडेच बघत राहिली. "तू माना असा कां ईचारतेस, बाय?"

हेही साक्षीदाराचंच बोलणं होतं. "तू मला असं का विचारतेस, बाई?" जयश्री मोठ्याने म्हणाली.

मग न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले, "त्यांना सांगा, प्रश्न तुमचा नाही. वकिलांचा आहे."

"भांडण नव्हतं," नवशीने सांगितलं. वकील थांबले नाहीत.

"शोधताना आरोपी ‘पिवळा फ्रॉक बघा’ म्हणाला, असं ती सांगते. त्यात काय विशेष? सकाळपासून सगळ्या पाड्याने तो फ्रॉक तिच्या अंगावर पाहिला होता!"

"नाय! नाय!" नवशीने कठडा घट्ट धरला. ती भराभर बोलू लागली. जयश्री तिच्या मागोमाग मराठीत सांगत सुटली. वाक्य संपायच्या आत दुसरं येत होतं.

"सकाळी शाळेचा ड्रेस होता. फ्रॉक नवा होता, मी पिशवीतून नेला होता. ओहोळावर तिला आंघोळ घातली आणि तिथंच अंगात चढवला. तिथं तिसरं कुणी नव्हतं. मी फ्रॉकाचं कुणाला सांगितलं नाही. मला बोलताच येत नव्हतं, मी नुसत्या हाका मारत होते. तो चारोटीला होता, तर पिवळा त्याला कसा माहीत?"

लिहून घेणाऱ्याची बोटं थांबली आणि पुन्हा जोरात चालू लागली. आरोपीने मान खाली घातली. वकील आपले कागद उगाचच चाळत म्हणाले, "दॅट्स ऑल."

बाहेर पडल्या पडल्या सरकारी वकील हर्षदा मॅडमनी जयश्रीचे दोन्ही हात धरले. "बाई, ऐकलंत ना? डीएनएचा रिपोर्ट आहेच माझ्याकडे. पण हे तर आरोपीच्या वकिलानेच विचारून बाहेर काढलं! आता जातो कुठे!"

जयश्रीला हसावं की रडावं कळेना.

निकाल जुलैत लागला. जयश्रीला कुणी बोलावलं नव्हतं, तरी रजा टाकून ती पाड्यावरच्या लोकांबरोबर जीपमध्ये बसली. कोर्टाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नवशीच्या नवऱ्याला, लक्ष्याला, बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. पुकारा झाला, तशी नवशी जयश्रीला घेऊन आत गेली. न्यायाधीश वाचू लागले. नवशीने जयश्रीचा दंड पकडला.

"काय सांगं तो?"

"दोषी," जयश्री तिच्या कानाशी पुटपुटली. "तेला सोडनार नाय. मरंपर्यंत जेल."

बाहेर एकच कल्ला झाला. पोरं घोषणा देत होती, लक्ष्या दिसेल त्याच्या गळ्यात पडून रडत होता, कुणी पेढे आणले. एका बातमीदाराने नवशीपुढे माईक धरला. "ताई, आता कसं वाटतंय?" नवशी माईककडे बघत राहिली. जयश्रीने भाषांतर केलं नाही. तिला हाताला धरून जीपकडे नेलं.

परतीच्या वाटेवर सगळे एकदम बोलत होते. वकिलाचं तोंड कसं पडलं, फ्रॉकाची गोष्ट ऐकून तो कसा गप्प झाला, हे त्या दिवशी बाहेर बसलेलेच रंगवून सांगत होते. जयश्रीही मोठमोठ्याने बोलत होती, तेही वारलीत, आणि तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

पाडा जवळ आला तशी नवशी म्हणाली, "गाडी थांबव."

रस्त्याच्या कडेला खाचरात बायका वाकून भात लावत होत्या. नवशी उतरली. बांधावर चपला काढल्या, कोर्टासाठी नेसलेलं चांगलं लुगडं गुडघ्यांवर खोचलं आणि चिखलात उतरली. बायकांनी वर पाहिलं. काय झालं, म्हणून एकीनेही विचारलं नाही. रांगेतल्या दोघी सरकल्या, मधे एका बाईपुरती जागा झाली. नवशीने रोपांची जुडी उचलली आणि वाकली.